नेमलेला विरोधक

युनियन सिटी, न्यू जर्सी
१९ ऑक्टोबर २०२५, रविवार

ती. शंतनूदादास,

एकनाथचा नमस्कार. साष्टांग वगैरे या वेळी नाही. गुडघ्यात सोफ्याची स्प्रिंग घुसली होती, वाकता येत नाही. आणि आलं असतं तरी वाकलो नसतो.

बाकी ठीक. काल आईचा फ्रिस्कोहून फोन होता. आत्याकडे फराळ चालू आहे. पप्पांनी चकलीची भाजणी तिच्या मिक्सरमध्ये दळायला घेतली आणि मिक्सर जाळला, म्हणून बहीण-भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत, आईच्या मार्फत भांडतात. तुझ्या पीएचडीच्या डिफेन्सला नेसायला आईनं मोरपंखी साडी काढून ठेवलीय. ॲन आर्बरला नोव्हेंबरात बर्फ पडतो म्हटलं तर म्हणाली, वरून कोट घालीन पण बटणं लावणार नाही, साडी दिसली पाहिजे. आश्लेषावहिनीला सांग, तिचं लिंबाचं लोणचं दुकानात सगळ्यांनी पावाला लावून संपवलं.

झाली खबरबात.

माझे मेसेज तू उघडत नाहीस, फोन केला की मीटिंगमध्ये असतोस. पण पत्र त्यासाठी लिहीत नाहीये. कागदावरच लिही असं मला सांगितलंय. कुणी, ते पुढे येईल. अक्षर बघून हसू नकोस. दहावीत दुसऱ्यांदा गणितात गेलो त्यानंतर एवढं लिहायची वेळ आली नव्हती.

तू क्यूबातल्या कॉलेजांत डिझाइन कसं शिकवतात, त्यावर डॉक्टर होणार. क्यूबा तू पाहिलेला नाहीस. व्हिसाचं लचांड होतं, मान्य. म्हणजे तुझा क्यूबा आमच्या दुकानात आहे. खाली रोलान्दो सोफे-खुर्च्या नव्याने भरून देतो, मी त्याच्या हाताखाली. वर त्याची मावशी नेरेइदा राहते, जिनं हवानातल्या डिझाइनच्या कॉलेजात सबंध नोकरी फर्निचर शिकवण्यात घालवली. तू जूनमध्ये आलास तेव्हा तुझं स्पॅनिश ऐकून रोलान्दो मला म्हणाला, हा चर्चमध्ये प्रार्थना म्हटल्यासारखा बोलतो. दुसऱ्याच वाक्याला तू माझ्याकडे बघितलंस. मग म्हातारी स्पॅनिशमध्ये बोलायची, मी मराठीत सांगायचो, तू इंग्रजीत टाइप करायचास. असे दिवस गेले. मला वाटलं, चला, लहानपणी तू मला शिकवणीला बसवायचास, आता मी तुला शिकवणीला बसवलंय. मजा वाटली होती मला. तेवढी एक चूक झाली.

ओस्मेलची गोष्ट तिनं तुला दुसऱ्या दिवशी सांगितली. आठवतंय ना? का तुझ्या गोष्टीत बसवताना कापून कापून मूळची विसरलास? परत सांगतो.

तिथे शेवटच्या वर्षाचं पोरगं आपलं काम परीक्षकांपुढे मांडतं तेव्हा कॉलेज एका मास्तराला विरोधक म्हणून नेमतं. विरोध करणं हीच त्याची ड्यूटी. अख्खं काम वाचायचं, खोट शोधायची, आक्षेप लिहून आधी पोराच्या हातात ठेवायचे, म्हणजे उत्तर शोधायला त्याला वेळ मिळतो. मग सगळ्यांसमोर बोलायचं. ओस्मेलनं शाळेसाठी घडीची खुर्ची केली होती. टंचाईचे दिवस, दुकानात साबण नाही, आणि यानं खुर्चीला बाहेरून आणलेले बोल्ट लावलेले. विरोधक नेरेइदा. तिनं लिहिलं, "बोल्ट हरवला की शाळेतल्या बाईनं काय लावायचं, डोक्यातला आकडा?" मग परीक्षेपर्यंत ती रोज वर्कशॉपात जायची, खुर्चीवर बसायची आणि डुलायची. मोडली की उठून म्हणायची, "उद्या परत." शेवटी त्यानं बोल्टच काढून टाकले, लाकडाच्या पाचरीवर सगळी खुर्ची उभी केली. परीक्षकांसमोर ती बसली, डुलली, खुर्ची राहिली. तिनं पाचपैकी चार दिले.

तू विचारलंस, "पाच का नाही?"

"रंग भिकार होता," ती म्हणाली, आणि हसता हसता तिला ठसका लागला. मी पाणी आणायला उठलो.

तेव्हाच मी तुला मराठीत, आपल्या मराठीत, सांगितलं होतं, "दादा, हे खरं भांडण नाही हं. हे नेमून दिलेलं असतं." तू म्हणालास, "ओके ओके, नेक्स्ट." रेकॉर्डिंग तुझ्याच फोनमध्ये आहे. माझा आवाज, तिचा ठसका, तुझं नेक्स्ट.

आणि तू लिहिलंस काय? प्राध्यापिका एन. यांनी सरकारला न रुचणारं काम सर्वांसमोर मोडून काढलं, त्यानंतर तो विद्यार्थी देश सोडून गेला. अरे, तो देश सोडून गेला बारा वर्षांनी. मेव्हणीनं भरलेल्या व्हिसाच्या कागदांवर. जसे आत्याच्या कागदांवर आई, पप्पा आणि मी आलो, आणि त्या कागदांत बसायचं तुझं वय निघून गेलं म्हणून तू शिकायला आलास. उद्या कुणी लिहिलं की शंतनूला सांगलीतल्या ड्रॉइंगच्या सरांनी हाकलला, म्हणून तो अमेरिकेत पळाला, तर कसं वाटेल? ओस्मेलचा टँपाचा नंबर मी तुला तिथल्या तिथे दिला होता. एक फोन. तुझ्याकडे फोनला वेळ नव्हता, पण त्या वाक्यावर कॉन्फरन्सला जाऊन टाळ्या घ्यायला वेळ होता.

तू म्हणशील, नाव तर झाकलंय. हो. नाव झाकलंस आणि पत्ता दिलास. युनियन सिटीत भाच्याच्या सोफ्याच्या दुकानावर राहणारी, हवानात फर्निचर शिकवलेली म्हातारी. अशा इथे किती आहेत असं तुला वाटतं? इथल्या एका स्पॅनिश वेबसाइटनं तुझा कॉन्फरन्सचा पेपर उचलला आणि मथळा दिला, सरकारच्या सांगण्यावरून पोरांची कामं मोडणारी बाई आपल्यात राहते. झालं. हे सगळं गाव तिकडून जीव घेऊन आलेल्या लोकांचं आहे, दादा. कुणाचा भाऊ तुरुंगात होता, कुणाचं घर गेलं. त्यांच्यापुढे असं बोललं की माणूस संपला.

कोपऱ्यावर बेकरीची खिडकी आहे, तू तिथे दोनदा कॉफी प्यायलास. नेरेइदा रोज सकाळी तिथे उभी राहून चार बायकांबरोबर कॉफी प्यायची, तासभर, सगळ्या गावाची उणीदुणी काढत. पेपर आल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी ती गेली तर बायकांनी आपापले कप उचलले आणि पलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. ती कॉफी संपवून वर आली. तेव्हापासून खाली उतरलेली नाही. आता कॉफी मी आणतो. कागदी कपात आणेपर्यंत गार होते, तरी ती म्हणते, छान आहे. जी बाई चांगल्या खुर्चीला चांगलं म्हणत नाही ती गार कॉफीला छान म्हणते, यावरून समज काय ते.

एवढं झाल्यावर रोलान्दोनं तुला ईमेल केला. चांगल्या भाषेत केला, मी बघितलाय. म्हणाला, हे खोटं आहे, डिफेन्सच्या आधी बदला. तुझं उत्तर आलं ते त्यानं वर नेरेइदाकडे वाचून दाखवलं, दुकानातले सगळे तिथे जेवत होतो. शोधनिबंध मुलाखतीवर आधारलेला आहे. मुलाखतीचं भाषांतर तुमच्याच दुकानातल्या एका अप्रशिक्षित कामगारानं केलं होतं, त्यात काही त्रुटी राहिल्या असल्यास खेद आहे.

अप्रशिक्षित कामगार.

रोलान्दो वाचायचा थांबला. दुकानात स्पॅनिश आणि मराठी दोन्ही येणारा एकच कामगार आहे. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, मी पावाकडे बघितलं. नेरेइदाला माहीत होतं तू माझा कोण, तिच्या टेबलावर तू मला एक्या म्हणून हाक मारायचास. तिनं विचारलं, "तुझा भाऊच ना तो?"

मी म्हटलं, "चुलत."

रागवायचं तर रागव. मला त्या क्षणी तेवढंच सुचलं, आणि खरं सांगू, बरं वाटलं. सुरुवात तूच केली होतीस. जूनमध्ये तुझ्या गाइड बाई लॅपटॉपवर आल्या होत्या. मी मागून सरबताचा ग्लास घेऊन आलो. त्यांनी विचारलं, हा कोण? माझं इंग्रजी कितीही भिकार असलं तरी तुझं उत्तर कळायला पुरेसं आहे. तू म्हणालास, "ही वर्क्स हिअर." खोटं काय आहे त्यात? काहीच नाही. मी इथेच काम करतो. मी ग्लास ठेवला आणि खाली गेलो. तुला कळलंही नाही, कारण तू परत हाक मारलीस ती पुढचं वाक्य सांगायला.

मी एका जागी टिकत नाही, हे तू सगळ्या नातेवाइकांना सांगत असतोस. एडिसनला मिठाईचं दुकान सोडलं, पेट्रोलपंप सोडला, गोडाऊन सोडलं, खरंय. इथे टिकलोय. ते कुणाला सांगितल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

तर त्या दिवशी मी पहिलं पत्र लिहिलं. त्यात नुसत्या शिव्या होत्या, आपल्या गल्लीतल्या. नेरेइदानं विचारलं, काय लिहितोस? मी वाचून दाखवलं, स्पॅनिशमध्ये करून. शिव्या तिला आवडल्या, एक-दोन तिनं परत म्हणायला लावल्या. मग म्हणाली, "काढून टाक. शिवी दिलीस की त्याला उत्तर द्यायची गरज उरत नाही. उलट तो सुटतो."

"मग काय लिहू?"

"त्याचं काम वाचलंस?"

वहिनीनं मला चौथं प्रकरण पाठवलं होतं, तुला चोरून. तिच्यावर ओरडू नकोस, घरात एक तरी माणूस शहाणं असू दे. फोनवर मराठी करून करून मी ते वाचलं. निम्मं डोक्यावरून गेलं. जे गेलं नाही ते बरं आहे, विजेविना वर्कशॉप कसं चालायचं ते तू नीट लिहिलंयस, मलाही वाचताना घाम आला. म्हणूनच तर जास्त चीड आली.

म्हटलं, "वाचलंय."

"मग तूच विरोधक."

मी म्हटलं, "मी काय बोलणार, माझं शिक्षण किती, तुम्ही बोला." तर म्हणाली, मी त्या प्रकरणातली आहे, मला चालत नाही. आणि विचारलं, "ते काम पास व्हावं असं तुला वाटतं का? ज्याला तसं वाटत नाही त्याला विरोधक नेमत नाहीत. तो घरी बसून हसतो."

मी तिला उत्तर दिलं नाही. तुलाही देत नाही.

आक्षेप मात्र देतो, कागदावर, आधी, नियमाप्रमाणे. एका नेमलेल्या माणसाचं काम तू सरकारचं पाप म्हणून का लिहिलंस? तिथलं सरकार कसं होतं ते नेरेइदा तुला दोन तास सांगत होती, तिनं काही लपवलं नाही, ते लिही की हवं तेवढं. पण ही खुर्ची त्यात का घातलीस? ओस्मेलला का विचारलं नाहीस? विचारलं असतंस तर वाक्य पडलं असतं, हे तुला आधीच कळलं होतं का? आणि भाषांतर चुकलं असं तुला खरंच वाटतं, की रोलान्दोला गप्प करायला हाताशी कुणी तरी हवं होतं आणि मी होतो?

डिफेन्सला पावणेचार आठवडे आहेत. ते पान बदल आणि त्या वेबसाइटलाही कळव, तुझ्या नावानं. नाही बदललंस तर मी काही करणार नाही. तुझ्या गाइड बाईंना लिहिणार नाही, आईला सांगणार नाही. फक्त येईन.

येणार आहेच. १४ नोव्हेंबरला. रोलान्दोची व्हॅन मिळालीय, नेरेइदा शेजारी बसणार, ओस्मेल टँपाहून परस्पर येतो म्हणालाय. मागे ती खुर्ची टाकतोय. कुठली म्हणून विचारशील. तू तिच्या स्वयंपाकघरात ज्या खुर्चीवर बसून सगळं टाइप केलंस, ती. ओस्मेलनं इकडे आल्यावर तीच खुर्ची पुन्हा करून तिला आणून दिली होती, या वेळी रंग नीट लावून. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं, मी मराठीत सांगितलं, तू म्हणालास "नाइस" आणि लॅपटॉप पुढे ओढलास. तुझं वजन तिनं तीन दिवस पेललं, कुरकुरली नाही. आई बसेल तिच्यावर, मोरपंखी साडी नेसून, कोटाची बटणं न लावता.

हॉलमध्ये तुझ्या गाइड बाई परत विचारतीलच, हा कोण. उत्तर तयार ठेव.

तुझा सख्खा विरोधक,
एकनाथ