पुढे चोवीस, मागे तेहतीस

बाबा,

आज तुमची बेंटली मी मॅटलॉक गावापर्यंत नेऊन आणली. वळणावर तुमच्या हातात भरकटायची, तशीच ती माझ्या हातातही भरकटली. म्हणून गाडीचं जुनं पुस्तक काढलं. हवेचा दाब पुढच्या चाकांत चोवीस पौंड, मागच्यांत तेहतीस. ईस्टरला टायरवर छापलेला आकडा वाचून मीच चारही चाकांत चाळीस भरली होती. तो आकडा कमाल मर्यादेचा असतो, हे आज कळलं.

आणि मी क्लबात चारचौघांत म्हणाले, बाबांचे हात थरथरतात, आणि किल्ली काढून घेतली. तुम्ही एवढंच म्हणालात, "असेल बाई."

समोर बोलायला तोंड नाही, म्हणून चर्चला चालत गेले. जेवण ओव्हनमध्ये आहे, किल्ली तुमच्या टोपीत. हवेला हात लावलेला नाही. सकाळी टायर गार असताना तुम्हीच बघा. मला नुसतं शेजारी उभं राहू द्या.

हेस्टर