चांदीतली भेसळ

सारंगखेडे, ता. १२ डिसेंबर १९३८

चि. हिंमतरावास चुनीलालकाकाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझे वडील गेल्यापासून तुझी पत्रं मी सरकी काढायच्या आपल्या जिनाच्या ओट्यावर चार माणसांत मोठ्यानं वाचतो. पुतण्या मुंबईस एम.एस्सी. करतो हे ऐकवायची मला हौस, दुसरं काय. यंदा तू लिहिलंस की चांदीच्या क्षारात मी जाणूनबुजून भेसळ करतो, चिमूटभर घातली तरी वीज कितीतरी जास्त वाहते. एवढं वाचलं आणि कोरीटचे रेवजी पाटील भरला चहा ठेवून उठले. कापसाची गाडी माझ्या काट्यावर न चढवताच परत हाकली.

त्यांच्याच मुलाशी तुझ्या बहिणीची, जसोदाची, सोयरीक जमत आली आहे. सुपारी फुटायची तेवढी बाकी. आता आपण तिच्या पायात घालू त्या चांदीच्या तोड्यांकडे ते लोक कसे बघतील?

हमाली करून मी हे जिन उभं केलं. रुपया वाजला की खरा का खोटा, गाडी करकरली की माल ओला का कोरडा, हे मला कळतं. लोक माझ्या कानांना भितात. आणि माझ्याच घरात भेसळ! जत्रा भरली आहे, पण घोडे बघायलाही गेलो नाही. तोंड दाखवायची लाज वाटते. वहिनींना काही बोललो नाही. खोटी चांदी पाडत असशील तर तसं लिही, मी येऊन तुला घेऊन जाईन.

तुझा काळजीत पडलेला
काका

मुंबई, ता. १६ डिसेंबर १९३८

तीर्थस्वरूप काकांचे चरणी हिंमतचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

पत्र वाचून मान खाली गेली. प्रोफेसरांच्या इंग्रजी शब्दाला मराठी सापडेना, म्हणून गमतीनं 'भेसळ' लिहिलं. ती गंमत जसोदाला भोवते आहे.

दागिन्यांशी माझा काही संबंध नाही. चांदी आणि मिठातला क्लोरीन मिळून एक पांढरा क्षार होतो. तो वितळवून निववला की स्फटिक तयार होतो. त्यात चांदीचे कण जत्रेतल्या घोड्यांसारखे ओळीनं असतात, खुंटाखुंटाला एक. या कणांवर वीज असते. ते सरकले तर वीज सरकते. पण सगळे खुंट भरलेले, सरकणार कुठे? म्हणून मी थोडं कॅडमियम घालतो. त्याच्या कणावर वीज दुप्पट, म्हणून चांदीचे दोन कण जातात तेव्हा तो एकटा येतो. एका खुंटावर तो, दुसरा रिकामा. मग शेजारचा घोडा रिकाम्या खुंटावर येतो, त्याच्या जागी त्याच्या पलीकडचा, आणि सगळी ओळ हलू लागते. किती घातलं की किती हलते, एवढंच मी भट्टीत तापवून मोजतो.

रेवजीमामांना हे सांगाल ना?

आपला आज्ञाधारक
हिंमत

सारंगखेडे, ता. २३ डिसेंबर १९३८

चि. हिंमतरावास आशीर्वाद वि. वि.

धमणीला बैल जुंपून कोरीटला गेलो. घोडे, खुंट, सगळं सांगितलं. रेवजींनी ऐकून घेतलं, बायामाणसांना आत पाठवलं आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "चुनीभाऊ, गाडीमा वर नवा कापूस व्हता, तळमा मागला सालना. तुमना कान तिखा शेत. माले वाटनं, कागदना नाव करीसन तुम्ही माले टोमना मारी ऱ्हायनात."

बाबा, भेसळ त्यांच्याच गाडीत होती, आणि तुझं पत्र हा त्यांना मी मारलेला टोमणा वाटला! त्यांच्या उठण्यात मला माझी बदनामी ऐकू आली, त्यांची लाज ऐकू आली नाही. कसले तिखट कान! सोयरीक आता नको, तुमच्या घरात कोणत्या तोंडानं येऊ, असं ते म्हणू लागले. तेव्हा मीही सांगून टाकलं की माझ्या भावाच्या पोराला मी खोटी चांदी पाडणारा समजलो. हे तुझ्या माघारी बोललो, म्हणून तुला लिहितो. काकाला माफी मागता येत नाही. तू समजून घे.

मग दोघंही माना खाली घालून बसलो. त्यांच्या पत्नी रंजनाबाई डोकावल्या, आमची तोंडं बघून सोयरीक मोडली असं समजल्या आणि रडूच लागल्या. खरं कारण तर दोघांनाही सांगता येईना. शेवटी रेवजी म्हणाले, रडतेस काय, सुपारी आण. सुपारी फुटली. लग्न माघात.

घरी आलो तर जसोदानं, कुठून ऐकलं कोण जाणे, विचारलं, मामंजी त्या दिवशी चहा टाकून का उठले होते. त्यांचं पोट दुखत होतं, असं सांगितलं. तेव्हापासून ती त्यांच्यासाठी ओवा निवडते आहे. पुरचुंडी लग्नात स्वतः त्यांच्या हातात देणार म्हणते. तेव्हा मी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला उभा राहीन.

काकावरची माया आटू देऊ नकोस, एवढंच मागणं.

चुनीलाल