साबणावर जगणाऱ्या जिवाणूची तारीख

हातपोच : अतितातडीचे

प्रति,
मा. अधिकारी,
दिनविशेष विभाग,
नभोवाणी केंद्र.

विषय : ‘विज्ञानातील आजचा दिवस’ या कार्यक्रमातील चूक कृपया दुरुस्त न करण्याबाबत.
संदर्भ : १) ती चूक तातडीने दुरुस्त करण्याबाबत अर्जदाराचे पत्र. २) ते मान्य केल्याचे आपले पत्र.

महोदय,

अर्जदार चष्म्याची भिंगे घासण्याच्या धंद्यातून निवृत्त झालेला आहे. अर्जदाराची पत्नी जिवाणुशास्त्रज्ञ असून प्रयोगशाळेच्या तुंबलेल्या बेसिनमध्ये साबणावर जगणारा जिवाणू तिने शोधून काढला. तारीख सतरा. त्या दिवशी प्लंबर वेळेवर आला असता तर विज्ञानाचे मोठे नुकसान झाले असते.

२. अलीकडे पत्नीची स्मृती दगा देऊ लागली आहे. “माझ्या हातून आयुष्यात काही झालं का हो?” असे ती वरचेवर विचारते. अर्जदार जिवाणूची हकिगत सांगतो. त्यावर “तुम्ही नवरा, तुम्ही म्हणणारच,” असे उत्तर मिळते. रेडिओवर मात्र तिचा पूर्ण भरवसा आहे. सबब अर्जदाराने आपल्याकडे नोंदीसाठी विनंती केली.

३. सतरा तारखेस एका खगोलशास्त्रज्ञाचा जन्म, दोन रसायनशास्त्रज्ञांचे मृत्यू व एक उपग्रह असल्याने जागा शिल्लक नसल्याचे आपण कळवले. अर्जदाराने समक्ष येऊन उपग्रहास थोडे सरकवण्याविषयी विचारले. “आजोबा, अठरा तारीख घ्या की. त्या दिवशी कोणी जन्मलंही नाही आणि मेलंही नाही,” असे आपल्या लिपिकांनी सुचवले. विज्ञानात असे चालत नसते, हे अर्जदाराने त्यांना सर्वांसमक्ष ऐकवले.

४. तरीही अठरा तारखेस सकाळी निवेदिकेने पत्नीचे नाव घेतले. अर्जदार तेव्हा दाढी करत होता. गालावरचा फेस तसाच ठेवून त्याने तक्रार लिहिली व पेटीत टाकली. परत येऊन पाहतो तो पत्नी रेडिओला खेटून बसलेली. “ऐकलंत? माझा जिवाणू! आणि तुम्ही उगाच सतरा-सतरा करत होतात.” मग तिने सगळी हकिगत आपणहून सांगितली. शोध लागताच ती धावत अर्जदाराच्या दुकानापर्यंत आली होती. आत गिऱ्हाईक दिसले म्हणून तशीच मागे फिरली. ही गोष्ट अर्जदारास इतक्या वर्षांत माहीत नव्हती.

५. आता आपले पत्र आले आहे, की तक्रार रास्त असून ‘अठरा तारखेस असा कोणताही शोध लागलेला नाही’ असा खुलासा सोमवारी प्रसारित होईल. आपली तत्परता वाखाणण्याजोगी आहे. अर्जदार मात्र हे पत्र हातात घेऊन स्वतः धावत आला आहे.

६. तरी सदर तक्रार बिनबुडाची समजावी. जिवाणू अठरालाच सापडला. पुराव्यादाखल छापील शोधनिबंध जोडता येत नाही, कारण त्यात सतरा आहे.

७. खुलासा अटळच असल्यास निदान त्याची वेळ कळवावी, म्हणजे अर्जदारास रेडिओचे सेल काढून ठेवता येतील. तथापि पत्नी संशोधक आहे. सेल कोणी काढले, हे ती शोधून काढील.

आपला नम्र व यापुढे तक्रार न करणारा,
(सही)
अठरा तारखेच्या शास्त्रज्ञबाईंचा नवरा

दिनांक : शनिवार, कार्यालय बंद होण्यापूर्वी
सोबत : काही नाही.