औषध लावलेली जाळी

नागपूर, ऑगस्ट २००५

आई, तुले मानाचा जयभीम.

बाबा बरे आहेत, बसून पोहे खाऊन राहिले. तू घोर करू नको.

त्यायच्या काळजाच्या नळीत जाळी बसवा लागते. साधी बसवली तर रक्त पातळ करायच्या दोन्ही गोळ्या महिनाभर पुरतात, पण नळी पुन्हा बुजू शकते. औषध लावलेली जास्त चांगली, पण तिच्यासंगं त्याच गोळ्या वर्षभर रोज. मधातच सोडल्या तर जाळीत रक्त गोठून जीव जाऊ शकते.

बाबा डॉक्टरले म्हणतात, "जाळीलेच औषध लावलं, मंग गोळ्या काहून?" डॉक्टरनं किती समजावलं! बाबा मान डोलावतात, अन् डॉक्टर वळले का मले डोळा मारतात. डोकं फिरून गेलं माह्यं.

त्यात काल आपल्या शेजारचे बुधाजीकाका गावाहून भेटाले आले. हासत म्हणतात, "तुह्या बापाच्या बीपीच्या अर्ध्या गोळ्या त मीच खातो. तुही मायच पुडी बांधून देते."

आई, कुरडया वाटाव्या तशा गोळ्या वाटते का कोणी? तुह्या शुगरच्या तरी तू खातं ना?

ही चिठ्ठी काकाच्याच हातून धाडून राहिली. कोणती जाळी बसवाची, ते डॉक्टर सोमवारी ठरवणार. त्याआधी विचारतीन, घरी गोळ्यायवर ध्यान कोण ठेवीन?

मी कोणाचं नाव सांगू?

तुह्यावर चिडलेली, तुहीच,
भावना