नऊ आज्या, एक ससा आणि हिरवा साबण

हादोंग,
दानो सणाला सहा दिवस बाकी

तीर्थरूप ताईस,

धाकट्या सुनदोकने इथूनच, जमिनीला कपाळ टेकवून केलेला नमस्कार पोचावा. (गुडघा दुखतो म्हणून एकदाच टेकवलंय, दुसरा नमस्कार उधार.) तुझी कंबर कशी आहे? दाजींचं रक्तदाब मोजायचं यंत्र अजून रोज नवा आकडा दाखवतं का? आम्ही सगळे बरे आहोत. आमच्या यांच्या डोक्यावरचे उरलेले अकरा केसही बरे आहेत आणि त्यांची कथा पुढे येईलच.

आता तू म्हणशील, फोन असताना ही बया पत्र का लिहिते? तर पत्रास कारण की, मी फोनवर ‘नारे’ एवढं म्हणेपर्यंत तू फोन ठेवतेस. पत्र ठेवून देता येतं, पण अर्धं वाचून ठेवायची तुझ्यात ताकद नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तेव्हा बस आणि वाच. तुझ्या पोटच्या पोरीने बँकेतली नोकरी सोडली त्याला चौदा महिने झाले. ‘परत बँकेत जाईपर्यंत मला मुलगी नाही’ असं तू म्हणालीस, त्यालाही चौदा महिनेच झाले. पोरगी माझ्या पार्लरच्या मागच्या खोलीत राहते आणि केसांचे साबण करते, हे तुला माहीत आहे. कसे करते ते माहीत नाही, म्हणून सांगते.

तिचं म्हणणं असं की, डोक्याला लावायची ही सगळी रसायनं पूर्वी सशांच्या डोळ्यांत घालून बघत. (मी पस्तीस वर्षं लोकांच्या डोक्यांना पर्म करते आहे, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.) म्हणून तिने ठरवलं, आपल्या साबणासाठी एकाही मुक्या जिवाला त्रास द्यायचा नाही. फार चांगलं. मी तिची पाठ थोपटली. मग विचारलं, ‘अगं, पण बघणार कुणावर?’ तर ती माझ्या डोक्याकडे बघून गोड हसली. ताई, आपल्या बारा प्राण्यांच्या वर्षांत माझं जन्मवर्ष सशाचं! म्हणजे पोरीने जगातले सगळे ससे वाचवले आणि सशाच्या वर्षाची मावशी धरली.

पहिल्या साबणाने माझे केस असे ताठ झाले की उशीला भोकं पडतील असं वाटलं. दुसऱ्याबरोबर तिने फळांचा शिरका लावायला दिला, तर आमचे हे ‘किमचीचा रांजण फुटला की काय’ म्हणत घरभर हुंगत फिरले आणि शेवटी माझ्यापाशी येऊन थांबले. पाचव्याने माझा पर्म डाव्या बाजूने उतरला, उजव्या बाजूने तसाच राहिला. आठवडाभर गिऱ्हाइकांशी मी एकाच अंगाने बोलत होते. यांनीही मोठ्या मनाने आपलं डोकं देऊ केलं, पण ‘मावसोबा, पुरावा कमी पडतो’ म्हणून तिने नम्रपणे नाकारलं. ते दोन दिवस रुसले होते.

पण पोरीची चिकाटी बघ. दर वेळी ती वहीत लिहायची, माफी मागायची, चूल पेटवायची आणि पुन्हा सुरू. हात भाजले तरी हूं की चूं नाही. तुझाच हट्ट आहे तो, शंभर टक्के. अकराव्या साबणाला माझ्या केसांनी मान तुकवली. आरशात बघून मी स्वतःलाच ‘या, बसा’ म्हणाले.

आता शनिवारचं ऐक. दानोसाठी नारेने वेखंडाचा साबण केला. आपली आई दर दानोला वेखंडाच्या पाण्याने आपली डोकी धुवायची, त्याची आठवण म्हणून. रंग हिरवा, आकार गोल, वर चाकाच्या नक्षीचा ठसा. ताई, थोडक्यात म्हणजे हुबेहूब दानोच्या तांदळाच्या हिरव्या वड्या! आणि त्याच सकाळी मी खऱ्या वड्याही वाफवल्या होत्या, गावातल्या आज्यांसाठी. दोन्ही परड्या शेजारी शेजारी, दोन्हीवर पांढरं फडकं. माझा चष्मा कुठे होता म्हणतेस? कपाळावर. मी परडी उचलली आणि आज्यांच्या बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवली.

नऊ जणी गोल बसल्या होत्या. ह्वागेवाली आजी सगळ्यांत थोरली, एक्याण्णव पुरी. तिने घास घेतल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही आणि ती बोलल्याशिवाय कुणी तोंड उघडायचं नाही, ही आपली रीत. तिने घास घेतला. चावला. बराच वेळ चावला. मग मोठ्या माणसाच्या मायेने म्हणाली, ‘पीठ छान मळलंयस हो सुनदोक. साखर जरा हात आखडून घातलीस.’ झालं! थोरली ‘छान’ म्हणाली म्हटल्यावर धाकट्या काय करतील? वयाच्या क्रमाने आठही जणींनी एकेक घास घेतला आणि वयाच्या क्रमाने ‘छान, छान’ म्हणाल्या. सगळ्यांत शेवटी मी. दाताखाली येताच मला कळलं. पण नऊ वडीलधाऱ्यांसमोर थुंकणार कशी? गिळला, ताई. डोक्याला गोड वाटणारा साबण जिभेला काही गोड नसतो.

तेवढ्यात बांबूवाडीच्या आजीला हसू आलं आणि तिच्या तोंडातून एक फुगा निघाला. चांगला सुपारीएवढा, झगझगीत. सगळ्या त्याच्याकडे बघत राहिल्या. फुगा फुटला आणि दारात नारे उभी! हातात खऱ्या वड्यांची परडी, चेहरा पांढराफटक. तिने परडी टाकली, जमिनीवर लोटांगण घातलं आणि रडायलाच लागली. तसंच रडत आरोग्य केंद्राला फोन केला. नारेने आत काय काय घातलंय ते त्यांनी एकेक विचारलं आणि ‘चूळ भरा, घोटभर पाणी प्या, पोटात काही झालं तर लगेच या’ म्हणून सांगितलं. (कुणाला काही झालं नाही. झालं ते फक्त फुगे.) पोरगी मात्र म्हणत होती, ‘आजी, माझं चुकलं. आईच बरोबर होती. मी सगळं बंद करते.’

ह्वागेवाली आजीने तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘गप गं! एक्याण्णव वर्षांत लोकांनी मला काय काय खायला घातलंय! हे तर निदान स्वच्छ होतं. पोटाला चाललं ते डोक्याला काय करणार? ऊठ, पाणी तापव.’

आणि मग, ताई, तुझ्या मुलीने नऊ डोकी धुतली. गुडघ्यावर बसून, एकेक करून. आयुष्यभर केस काळे करून करून या बायकांच्या टाळूची आग होते, कुणी बोलत नाही इतकंच. नारे प्रत्येकीच्या डाव्या कानामागे बोट ठेवून विचारायची, ‘आजी, इथे जळजळतं का?’ उजव्या नाही, डाव्याच. मी विचारलं, ‘डावाच का गं?’ तर म्हणाली, ‘आईला तिथे होतं.’

मला तुझ्या मुलीचा फार अभिमान वाटतो, हे सरळ लिहून टाकते.

आज्यांनी मिळून ठरवलंय की वेष्टणावर छापायचं : ‘एकाही मुक्या जिवावर प्रयोग नाही. नऊ बोलक्या जिवांनी खाऊन पाहिला.’ नारे नको म्हणते आहे, पण तिथे तिचं कोण ऐकतं! वयाने ती धाकटी.

दाजींना नमस्कार. कळावे,

तुझी धाकटी,
सुनदोक

ता. क. वड्यांवरचा तो चाकाचा ठसा म्हणजे आईचा लाकडी ठसा. तोच, जो तुझ्या फडताळातून नाहीसा झाला आणि ज्यावरून तू बिचाऱ्या सुनेला सहा महिने टोमणे मारते आहेस. तो मी चोरला. सुनेची माफी माग.

ता. क. २. नववर्षाला मी तुला ‘सोल शहरातल्या मोठ्या दुकानातला’ म्हणून साबण पाठवला होता. तू फोन करून म्हणालीस, ‘कानामागची आग थांबली गं! कुणी केलाय? हात आहे त्या बाईला.’ तो अकरावा साबण. फोन मोठ्या आवाजावर होता आणि ती बाई माझ्या शेजारी उभी होती. मग ती आत गेली आणि तिने बराच वेळ नळ सोडून ठेवला.

ता. क. ३. ठसा मी टपालाने पाठवणार नाही, स्वतः येऊन घेऊन जा. दानोच्या दिवशी सकाळची बस आहे. वेखंड मी कापून ठेवलंय, पाणी नारे तापवेल. थोरलीचं डोकं झाल्याशिवाय धाकटीने पाण्याला हात लावायचा नाही, ही आईची रीत मी मोडणार नाही. तू येईपर्यंत माझे केस कोरडे. शनिवारपासून धुतलेले नाहीत, आणि ताई, मला आत्ताच खाज सुटली आहे.