विजयश्रीची ओटी

कुसुमवन्सं यांना नमस्कार.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "आमच्या विजयश्रीच्या डोहाळजेवणात तुमच्या तेजलला ओटी भरू देऊ नका. जिची पाळीच वेळेवर न्हाई, तिची कूस कधी उजवायची?" म्हणून हे पत्र लिहावं लागलं.

सुनेला आणि ज्ञानेशला, दोघांनाही मी तळेगावच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. दोघांच्या तपासण्या चांगल्या आल्या. पाळी लांबली म्हणजे मूल होणार नाही, असं नसतं. स्त्रीबीज उशिरा सुटतं, एवढंच. तुमच्या सांगण्यावरून ज्ञानेश दर महिन्याला तेजलच्या चौथ्या दिवसाच्या नाहण्यानंतर लगेच कंपनीत रजा टाकायचा आणि गर्भ राहण्याचे खरे दिवस आले की नाइट शिफ्टला असायचा! डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना.

"आता सुपरवायझरला काय सांगू?" ज्ञानेश म्हणाला.

"सांग, आत्यांचा हिशेब चुकला," तेजल म्हणाली. कितीतरी महिन्यांनी ती मोकळी हसली. मलाही बरं वाटलं.

इथवर लिहिलेलं तिने आत्ता वाचलं. म्हणते, "आई, हे पाठवू नका. ओटी भरायला मीच जाते. आत्यांना नको म्हणायचं असेल, तर माझ्या तोंडावर म्हणू देत."

जाऊ दे तिला. पत्र माझ्या कपाटात राहील.

तुमची भावजय,
शैलजा

तेजलच्या हाती दिलं: हिरवा खण, नारळ, तांदूळ, आणि पाळीसाठी तुम्ही पाठवलेलं चूर्ण, न उघडलेलं.