पंचाच्या धोतरावरचा पंजा

सोमवार, संध्याकाळ

कुस्ती सोडल्यावर आज राजेश्वरच्या जत्रेत अप्पा पहिल्यांदाच पंच झाले. आईनं मुद्दाम नवं पांढरं धोतर काढून दिलं होतं. आखाड्यात उतरताना सवयीनं लाल माती कपाळाला लावली, तिथवर ठीक. पण हलगी वाजली आणि दोन्ही पैलवानांच्या आधी अप्पांनीच मांडीवर शड्डू ठोकला! धोतरावर लाल पंजा उमटला. सगळी जत्रा हसली. मीही हसले. मग डोळे का भरले?

घरी येताना म्हणाले, "हात ऐकंना झालाय बग."

"मग लाजायलाव कामून?" मी विचारलं. अप्पा तळहातानं तो पंजा झाकून बसले.

आता आईनं धोतर धुऊन वाळत घातलंय. त्या पंज्याला मात्र तिनं साबण लावलेलाच नाही.